मोटारसायकल-दुरुस्तीतील हानी व दायित्व

मोटारसायकल दुरुस्तीसाठी वा देखभालीसाठी कार्यशाळेच्या ताब्यात असताना तिची होणारी मोडतोड, सुट्या भागांची अदलाबदल वा नाश, तसेच सदोष कामामुळे तिच्यात पुढे उद्भवणारे बिघाड यांबद्दल कारागिरावर येणारी विधिक जबाबदारी म्हणजे दुरुस्तीतील दायित्व होय. मालक किल्ली कारागिराच्या हाती देतो, तेव्हा वाहनाचा केवळ ताबा बदलतो. मालकी बदलत नाही. कायद्याच्या परिभाषेत हा व्यवहार ‘निक्षेप’ या सदरात मोडतो. मालक हा निक्षेपक आणि कारागीर किंवा कार्यशाळेचा चालक हा निक्षेपधारी ठरतो.

या व्यवहारात कारागीर दोन वेगवेगळी कर्तव्ये पत्करतो : एक, ताब्यात असेपर्यंत वाहन जपण्याचे आणि दुसरे, सांगितलेले काम त्या धंद्याला साजेशा कौशल्याने करण्याचे. टाकीला पोचा पडणे हा पहिल्या कर्तव्याचा भंग होय. चुकीचे वंगण घातल्याने क्लच निकामी होणे हा दुसऱ्याचा. दोहोंबद्दल भरपाई मिळू शकते. परंतु ती मिळवण्यासाठी काय सिद्ध करावयाचे आणि ते कोणी, याची उत्तरे दोन्ही बाबतींत सारखी नाहीत. हा भेद ध्यानी न घेतल्यास आणि वाहन देतेवेळच्या स्थितीची नोंद नसल्यास रास्त तक्रारही सिद्ध करणे अवघड जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : परक्याची वस्तू कामासाठी हाती घेणाऱ्या कारागिरावर नियंत्रण ठेवण्याची गरज फार प्राचीन काळापासून जाणवलेली दिसते. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत ऋणादानानंतर निक्षेपाचा क्रम लागतो. नारदस्मृतीने निक्षेपाचेच नियम कारागिराकडे कामासाठी सोपवलेल्या वस्तूंनाही लागू केले आहेत. कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘कंटकशोधन’ या अधिकरणात कारागिरांपासून प्रजेचे रक्षण करण्यासंबंधी स्वतंत्र प्रकरण आहे. कारागिरांनी ठरल्या जागी, ठरल्या वेळी व ठरल्याप्रमाणे काम करावे, असा त्यात दंडक घालून दिला आहे. परटाने लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच कपडे धुवावेत; अन्यत्र धुतल्याने वस्त्र खराब झाल्यास त्याची भरपाई करून वर सहा पणांचा दंड भरावा, असे तेथे म्हटले आहे. गिऱ्हाइकाचे वस्त्र स्वतः वापरणाऱ्या परटास याज्ञवल्क्यस्मृतीने तीन पणांचा आणि ते विकणाऱ्या, भाड्याने देणाऱ्या, गहाण टाकणाऱ्या वा उसने देणाऱ्यास दहा पणांचा दंड सांगितला आहे. सदोष साधनाने केलेले काम, जपणुकीतील हयगय आणि परवानगीवाचून वापर हे आजच्या कार्यशाळांविरुद्धच्या तक्रारींचे तिन्ही प्रकार या नियमांत ओळखू येतात.

रोमन विधीतही असाच विचार झाला. इ. स. ५३३ मध्ये जस्टिनियन सम्राटाने जारी केलेल्या ‘डायजेस्ट’ या संहितेत धुण्यासाठी घेतलेली वस्त्रे उंदरांनी कुरतडली, तर धोबी जबाबदार ठरतो असे मत नमूद आहे. कारण त्यापासून वस्त्रे राखणे हे त्याचेच काम. कारागीर म्हणून काम पत्करणाऱ्याचे अकौशल्य हाही त्याचा दोषच होय, हे तत्त्वही त्याच संहितेत आढळते. इंग्लंडमध्ये कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड (१७०३) या खटल्यात मुख्य न्यायाधीश होल्ट यांनी निक्षेपाच्या विविध प्रकारांची मांडणी केली. कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीची स्थापना (१७८४) करणारे सर विल्यम जोन्स यांनी १७८१ मध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला. हिंदुस्थानात हे विधितत्त्व भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या नवव्या प्रकरणात (कलमे १४८ ते १८१) ग्रथित झाले. हा अधिनियम १ सप्टेंबर १८७२ पासून अंमलात आला व त्यातील या तरतुदी आजही लागू आहेत.

हानीचे तांत्रिक प्रकार : १९८० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने बनलेल्या १०० घ. सेंमी. वर्गातील मोटारसायकली भारतात आल्या आणि मोटारसायकल हे मध्यमवर्गीयांचे व ग्रामीण भागातील लोकांचे नित्याचे वाहन झाले. त्याबरोबर रस्त्याकडेच्या गॅरेजांची संख्याही वाढली. त्यांतील अनेक मिस्त्री उस्तादाच्या हाताखाली, प्रत्यक्ष कामातून शिकलेले असतात. हाताचा अंदाज हे त्यांचे मोठे भांडवल असते. मात्र निर्मात्याने ठरवून दिलेली मापे व साधने हाताशी नसली, की हाच अंदाज कधी कधी हानीस कारण होतो.

सर्वांत नेहमी आढळणारी हानी म्हणजे आटे जाणे ही होय. एंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आणि त्यात बसणारे बोल्ट पोलादाचे असतात. पोलादी बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला, किंवा तिरपा बसवून फिरवला, तर आवरणातील मऊ आटे कापले जातात. तेल सोडण्याचा बोल्ट आणि स्पार्क प्लग या ठिकाणी असे वारंवार घडते. अशा बोल्टासाठी निर्माते २० ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपास व लहान आकाराच्या स्पार्क प्लगसाठी १० ते १२ न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ सांगतात. लांब दांड्याच्या पान्याने त्याच्या कितीतरी पट पीळ सहज पडतो. पीळ मोजणारा टॉर्क पाना वापरल्यास ही हानी टळते. गेलेल्या आट्यांच्या जागी मोठे आटे पाडून त्यांत पोलादी तारेचे वेटोळे बसवणे हा मान्य उपाय आहे. आटे गेल्याचे न सांगता बोल्टाला धागा वा चिकट द्रव्य लावून तो तसाच बसवणे ही मात्र लपवाछपवी होय. धावत्या गाडीतून असा बोल्ट निसटल्यास तेल वाहून जाऊन एंजिन जाम होते.

वंगणाची निवड चुकल्याने होणारी हानी लगेच दिसत नाही. बहुतेक मोटारसायकलींत एंजिन, क्लच आणि गिअर पेटी यांना एकच तेल पुरते व क्लचच्या चकत्या त्या तेलातच बुडालेल्या असतात. घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारगाडीचे तेल त्यात घातल्यास चकत्या घसरू लागतात. यासाठी ‘जासो एम-ए’ या जपानी मानकाचे तेल सांगितलेले असते. साखळी फार ताणून बसवणे ही अशीच एक चूक. मागचे चाक खड्ड्यात वर-खाली होताना साखळीचा ताण बदलतो. त्यासाठी पुस्तिकेत सांगितलेली ढील ठेवली नाही, तर साखळी, दातेरी चक्रे व गिअर पेटीच्या बाहेरील टोकाचे धारवे लवकर झिजतात. झडपेची फट नको तितकी कमी ठेवल्यास झडप पुरती मिटत नाही, तिच्या कडेतून तप्त वायू निसटतो आणि ती जळते. ब्रेकमध्ये निर्मात्याने सांगितलेल्या द्रवाऐवजी खनिज तेल गेल्यास रबरी भाग फुगतात; आणि नेहमीचा ग्लायकॉलयुक्त ब्रेक द्रव टाकीवर सांडल्यास रंग उठतो. जोरदार फवाऱ्याने धुताना पाणी चाकांच्या धारव्यांत वा विजेच्या जोडण्यांत शिरते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही उत्सर्जन मानके लागू झाल्यावर दुचाकींमध्ये सामान्यतः कार्ब्युरेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण आले. बॅटरीचे ध्रुव उलटे जोडणे, वीजप्रवाह चालू असताना जोडण्या उपसणे किंवा नियंत्रक न काढता सांगाड्यावर विजेचे सांधकाम करणे, या पूर्वी कमी खर्चात निभावणाऱ्या चुका आता महागात पडतात. मात्र सर्वांत गंभीर हानी ही जीविताशी निगडित असते. चाकाच्या आसाचा नट पुरेसा न आवळणे, त्यातील कॉटर पिन न बसवणे आणि ब्रेकची गुटके बदलल्यावर तरफ दाबून दाब तयार न करताच गाडी हवाली करणे, यांमुळे पहिल्याच वळणावर वा उतारावर अपघात होऊ शकतो.

यांखेरीज अप्रामाणिकपणाचे प्रकार वेगळे : चांगली बॅटरी, टायर, कार्ब्युरेटर यांसारखे भाग काढून जुने बसवणे, न बदललेल्या भागाचे पैसे लावणे आणि पेट्रोल काढून घेणे. यांत अकौशल्य नसून हेतू असतो. त्यामुळे त्यांना पुढे सांगितलेला फौजदारी कायदाही लागू होऊ शकतो.

जपणुकीचे कर्तव्य : संविदा अधिनियमाच्या कलम १५१ नुसार सामान्य सुज्ञ मनुष्य तशाच परिस्थितीत आपल्या स्वतःच्या, तेवढ्याच आकारमानाच्या, प्रतीच्या व मोलाच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी निक्षेपधारीने घेतली पाहिजे. कलम १५२ प्रमाणे तेवढी काळजी घेऊनही वस्तू नष्ट झाली वा तिची हानी झाली, तर विशेष करार नसल्यास तो जबाबदार राहत नाही. शेजारच्या इमारतीतील आग पसरून गॅरेज जळाले, तर मिस्त्री सहसा दोषी ठरणार नाही. गाड्या रात्री कुलपावाचून रस्त्यावर ठेवल्या आणि एक चोरीस गेली, तर ठरेल.

येथे शाबितीच्या भाराचा प्रश्न निर्णायक असतो. वाहन धड स्थितीत ताब्यात दिले होते आणि परत मिळाले तेव्हा त्याची मोडतोड झालेली होती, एवढे मालकाने दाखवले, की हानी आपल्या हयगयीमुळे झाली नाही हे दाखवण्याचा भार निक्षेपधारीवर येतो. यामागील कारण उघड आहे. बंद शटरच्या आत काय घडले हे मालकाला कळणे शक्य नसते. ते फक्त ताबा असणाऱ्याला ठाऊक असते.

वापराबाबत कलम १५४ चा नियम अधिक कडक आहे. निक्षेपाच्या अटींशी विसंगत असा वापर केल्यास त्या वापरामुळे किंवा त्या वापराच्या काळात झालेल्या कोणत्याही हानीची भरपाई द्यावी लागते; तेथे ‘मी काळजी घेतली होती’ हा बचाव चालत नाही. दुरुस्तीनंतर चाचणीसाठी गाडी थोडे अंतर चालवणे हा कामाचाच भाग होय; परंतु मिस्त्रीने वा त्याच्या हाताखालच्या पोऱ्याने ती घरी नेणे किंवा खाजगी कामास वापरणे हे या कलमात येते. कलम १६१ देखील महत्त्वाचे आहे. निक्षेपधारीच्या कसुरीमुळे वस्तू योग्य वेळी परत केली गेली नाही, तर त्या वेळेपासून होणाऱ्या नुकसानीस तो जबाबदार राहतो. शनिवारी देण्याचे कबूल केलेली गाडी स्वतःच्या ढिलाईने ठेवून घेतली आणि सोमवारी पुराच्या पाण्यात बुडाली, तर निसर्गाकडे बोट दाखवून सुटता येत नाही. म्हणूनच परत देण्याची तारीख लेखी असणे इष्ट ठरते.

कौशल्याचे कर्तव्य : काम सदोष झाल्याची तक्रार असेल, तेव्हा परिस्थिती पालटते. एंजिन दुरुस्तीनंतर महिनाभराने बिघडले, एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही; जुनी झीज, चालकाची सवय वा तेलाची पातळी न पाहणे हीही कारणे असू शकतात. केलेले काम आणि झालेला बिघाड यांतील कार्यकारणसंबंध मालकाने दाखवावा लागतो व त्यासाठी बहुधा दुसऱ्या जाणकार यंत्रज्ञाचा लेखी अभिप्राय आवश्यक होतो. कारागिराकडून अपेक्षित असते ते त्या धंद्यातील साधारण कुशल माणसाचे कौशल्य; अचूक यशाची हमी नव्हे. गंजून धरलेला बोल्ट सर्व दक्षता घेऊनही तुटू शकतो. अशा वेळी बोल्ट तुटण्याचा संभव मालकाला आधी सांगणे आणि त्याच्या संमतीनेच जोर लावणे, यात कौशल्य व प्रामाणिकपणा दोन्ही दिसून येतात. सांगितलेल्या कामापलीकडचे काम परस्पर करणे व त्याचे पैसे मागणे हेही कराराला सोडून आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि त्याचा जाब मालकाला द्यावा लागतो; तेव्हा गाडी परत घेताना असा बदल झालेला नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

मालकाचे कर्तव्य व कारागिराचे हक्क : निक्षेप हा एकतर्फी व्यवहार नव्हे. वाहनातील जे दोष मालकास माहीत आहेत व ज्यांमुळे कारागिराला असाधारण धोका संभवतो, ते त्याने कलम १५० नुसार आधी सांगितले पाहिजेत. ब्रेक निकामी असल्याचे न सांगता गाडी दिली आणि चाचणीच्या वेळी मिस्त्री जखमी झाला, तर दायित्व मालकावर येते.

कलम १७० अन्वये कारागिराला विशिष्ट धारणाधिकार आहे. ज्या वस्तूवर त्याने ठरल्याप्रमाणे श्रम वा कौशल्य खर्च केले, ती वस्तू रास्त मोबदला मिळेपर्यंत तो अडवून ठेवू शकतो. उधारी कबूल केली असल्यास मात्र हा अधिकार राहत नाही. या अधिकाराला मर्यादा आहेत. तो त्याच वस्तूवरील कामापुरता असतो. मालकाच्या दुसऱ्या गाडीच्या जुन्या बाकीसाठी ही गाडी अडवता येत नाही, कारण तसा सर्वसाधारण धारणाधिकार कलम १७१ ने अधिकोष, अडते इ. ठराविक वर्गांनाच दिला आहे. या अधिकारात वस्तू विकण्याचा हक्क अंतर्भूत नाही. आपल्याच देण्यासाठी वस्तू अडवून ठेवल्याबद्दल जागेचे भाडे मागता येत नाही, असा निर्णय इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८६० मध्ये दिला होता. वाहन एकदा मालकाच्या हवाली केले, की धारणाधिकार संपतो.

या तरतुदीमुळे हानी दिसत असूनही मालक पेचात सापडतो : पैसे न दिले तर गाडी मिळत नाही, दिले तर काम मान्य केल्यासारखे दिसते. यावरील रूढ मार्ग म्हणजे देयकावर व त्याच्या प्रतीवर ‘काम मान्य नाही, हक्क राखून रक्कम देत आहे’ अशा आशयाचा शेरा तारखेसह लिहून रक्कम देणे व गाडी ताब्यात घेणे हा होय. जबरदस्तीने गाडी ओढून नेल्यास मालकाचीच बाजू कमकुवत होते.

‘मालकाच्या जबाबदारीवर’ हा शेरा : अनेक कार्यशाळांच्या पावत्यांवर व भिंतींवर ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर स्वीकारली जातील’ असा मजकूर असतो. एवढ्याने सर्व दायित्व संपते, हा समज बरोबर नाही. ताजमहल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी दिलेला निर्णय या बाबतीत मार्गदर्शक आहे. १९९८ मध्ये दिल्लीतील एका हॉटेलच्या नोकराकडे उभी करण्यासाठी सोपवलेली मोटारगाडी चोरीस गेली होती. हॉटेल किंवा त्याचे नोकर यांच्या हयगयीमुळे झालेल्या हानीचे दायित्व अशा छापील अटीच्या आधारे टाळता येणार नाही व हयगय झाली नाही हे दाखवण्याचा प्राथमिक भार ताबा घेणाऱ्या हॉटेलवर राहतो, असे न्यायालयाने म्हटले. हा निर्णय हॉटेलांसंबंधी असला, तरी त्यातील निक्षेपविषयक विवेचन कार्यशाळेच्या बाबतीतही उपयुक्त ठरते.

नोंद व पुरावा : वरील सर्व तरतुदींचा उपयोग वाहन देतेवेळच्या नोंदीवर अवलंबून असतो. कामाच्या नोंदपत्रावर, म्हणजे जॉब कार्डावर, वाहनाचा क्रमांक, तारीख, अंतरमापकावरील आकडा, टाकीतील पेट्रोलचा अंदाज, अंगावरील जुने ओरखडे व पोचे, बॅटरी व टायर यांवरील क्रमांक, सांगितलेले काम, अंदाजे खर्च आणि परत देण्याचा दिवस असावा. अंदाजापेक्षा अधिक खर्चाच्या कामाआधी विचारावे आणि बदललेले जुने भाग परत द्यावेत, या दोन अटी त्यावरच लिहून घेणे सोयीचे असते. लहान गॅरेजात असे छापील नोंदपत्र नसते. तेथे साध्या कागदावरची दोन ओळींची सही किंवा मिस्त्रीला भ्रमणध्वनीवर पाठवलेला संदेश आणि चहूबाजूंनी काढलेली छायाचित्रे ते काम करतात.

वाहन परत घेताना दोन्ही ब्रेक, चाकांचे नट, तेलाची पातळी, साखळीची ढील, हँडलची फिरक आणि दिवे कार्यशाळेच्या दारातच पाहावेत व थोडे अंतर चालवून पाहावे. दोष आढळल्यास त्याच वेळी लेखी कळवणे हिताचे. तो दोष छायाचित्रांत व अन्य यंत्रज्ञाच्या अभिप्रायात नोंदवण्यापूर्वीच दुसरीकडे दुरुस्त करून घेतला, तर मूळ पुरावाच नाहीसा होतो. खराब झालेले भाग जपून ठेवावेत. मात्र ब्रेक, चाक वा हँडल यांविषयी शंका असताना पुराव्यासाठी म्हणूनही गाडी चालवत राहू नये.

भरपाईचे मोजमाप : कलम ७३ नुसार करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारी किंवा करार करतेवेळी दोन्ही पक्षांना संभाव्य म्हणून ठाऊक असलेली हानीच भरून मिळते, दूरान्वयाची नव्हे. या नियमाचे मूळ असलेल्या हॅड्ली विरुद्ध बॅक्सेन्डेल (१८५४) या इंग्लिश खटल्याचा विषयही यंत्राचा मोडका भागच होता. ग्लॉस्टर येथील एका गिरणीचा मोडलेला भुजादंड नमुना म्हणून ग्रिनिच येथे पोचवण्यास वाहतूकदाराने विलंब लावला आणि तोवर गिरणी बंद राहिली. त्या भागावाचून गिरणी बंद राहील ही विशेष परिस्थिती वाहतूकदारास कळवलेली नव्हती. म्हणून बुडालेला नफा देण्यास न्यायालयाने नकार दिला. यावरून दिसते की, दूध घालणे, घरपोच माल पोचवणे इ. रोजीरोटीचे काम ज्या गाडीवर अवलंबून असेल, तिच्या मालकाने ती गोष्ट नोंदपत्रावर आधीच लिहिली पाहिजे.

सामान्यतः पुन्हा दुरुस्तीचा रास्त खर्च, वाया गेलेली मजुरी, वाहनाच्या किमतीत आलेली घट आणि दरम्यानच्या प्रवासाचा वाजवी खर्च यांची मागणी करता येते. हानी वाढू न देण्यासाठी मालकाने काय करणे शक्य होते, हेही लक्षात घेतले जाते. जुन्या गाडीच्या झिजलेल्या भागाच्या जागी नवा भाग बसवून घेतल्यास त्यातील वाढीव मोल वजा होऊ शकते.

उपाययोजना : प्रथम पायरी म्हणजे हानीचा तपशील, मागणी आणि उत्तरासाठी वाजवी मुदत नमूद केलेले लेखी पत्र पोचपावतीसह देणे. पुष्कळदा चूक त्याच कार्यशाळेकडून विनामूल्य दुरुस्त करून घेणे दोघांनाही परवडते. परंतु विश्वास उरला नसेल, तर तशी सक्ती मालकावर नाही. अधिकृत विक्रेत्याच्या कार्यशाळेबाबत निर्मात्यासही पत्राची प्रत पाठवता येते.

महाराष्ट्रात ग्राहकांच्या संघटित प्रयत्नांची परंपरा जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ ने ग्राहकांना प्रथमच स्वतंत्र न्यायमंच दिले. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम जुलै २०२० मध्ये अंमलात आला. त्यात सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत हयगय व आवश्यक माहिती मुद्दाम दडवणे यांचा स्पष्ट समावेश आहे. देयक न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही व वकील नेमण्याची सक्तीही नाही. ऑनलाइन तक्रारीची व मध्यस्थीची सोय आहे. तक्रार शक्यतो तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेतील तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढावी, असे अधिनियमात म्हटले आहे. जिल्हा आयोगाच्या आदेशावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. मात्र स्वयंरोजगाराने केवळ उपजीविकेसाठी वाहन वापरणाऱ्यास या अपवादाची झळ लागत नाही. तक्रारीपूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीवर विनाशुल्क मार्गदर्शन मिळते.

सदोष दुरुस्तीमुळे अपघात होऊन शारीरिक इजा झाल्यास याच अधिनियमाच्या कलम ८५ अन्वये उत्पादन-सेवा देणाऱ्यावर स्वतंत्र दायित्व येते. ग्राहक या व्याख्येत न बसणाऱ्यास दिवाणी न्यायालयात तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावता येतो. सुटे भाग वा वाहन अप्रामाणिकपणे लाटल्याचा पुरावा असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारीपात्र न्यासभंगाची तक्रार होऊ शकते. नुसते वाईट काम हा गुन्हा नव्हे. दिवाणी स्वरूपाच्या वादात पोलिसांचा धाक दाखवल्याने भरपाईचा प्रश्न सुटत नाही.

दुरुस्तीतील हानी कमी होण्यासाठी कायद्याइतकीच तांत्रिक माहितीच्या उपलब्धतेची गरज आहे. निर्मात्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका, निदान-साधने व अस्सल सुटे भाग अधिकृत कार्यशाळांपुरतेच राहिले, तर स्वतंत्र मिस्त्री अंदाजावरच विसंबून राहतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये मोटारगाड्यांच्या निर्मात्यांविरुद्ध दिलेल्या निर्णयात याच अडवणुकीवर बोट ठेवले होते. ‘दुरुस्तीचा हक्क’ या संकल्पनेखाली केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या माहितीस्थळाच्या योजनेत वाहनांचाही समावेश आहे. गावोगावच्या कारागिरापर्यंत योग्य मापे व साधने पोचणे आणि गाडी घेताना-देताना लेखी नोंदीची सवय रुजणे, यांवर मालकाचे हित व प्रामाणिक मिस्त्रीचा लौकिक दोन्ही अवलंबून आहेत.